स्क्रीन संध्याकाळी काळी का पडते: वाइंडिंगच्या वहीतल्या मागच्या पानांवरच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

गाडी काल धुळ्याहून अमळनेरला आणली. मावसभावाची २०१२ची डिझेल सेडान, इंजिन कडक, एसी असा की पारोळ्यापर्यंत येता येता आप्पांनी उपरणं अंगावर ओढून घेतलं. पण मधली स्क्रीन म्हणजे डोक्याला ताप आहे. टू-डिन साइजची (म्हणजे दोन रेडिओंच्या उंचीची), कंपनीतूनच आलेली, टच, नेव्हिगेशन, ब्लूटूथ सगळं आहे आणि धड काहीच चालत नाही. मावसभाऊ म्हणे ती अशीच आहे, तू लक्ष देऊ नको. आता रोज पंपाच्या जळलेल्या मोटारी उघडून वाइंडिंग करत बसणारा माणूस मी, मी लक्ष देणार नाही तर कोण देणार.

आल्या आल्या दिसलेल्या तक्रारी: गाडी स्टार्ट केली की स्क्रीन बंद होऊन परत लोगोपासून सुरू होते, गतिरोधकावर कधीकधी तसंच होतं, दुपारी उन्हात उभी असली की कोणी हात न लावता आपोआप रेडिओ स्टेशन बदलतात, पेनड्राइव्ह अर्ध्या गाण्यात थांबतो, आणि ब्लूटूथ जोडलं की दोन मिनिटं सगळं गोठतं.

आप्पांचा निकाल लगेच आला, "डबडं काढी टाक ना भो, नवं बसाड." धुळ्यातल्या एका डेकोरवाल्याने अँड्रॉइड स्क्रीनचे नऊ हजार सांगितलेत. आधी बघू तरी.

१४ एप्रिल

दुकान बंद, आंबेडकर जयंती. डॅशबोर्ड उघडला. स्क्रीनभोवतीची फ्रेम नुसत्या क्लिपांवर असते, स्क्रू ड्रायव्हर घातला तर प्लास्टिकला कायमचा ओरखडा पडतो, म्हणून जुन्या टूथब्रशचा दांडा घासून चपटा केला आणि त्याने उचकली. आपल्याकडच्या उन्हाचा हा एक फायदा, प्लास्टिक गरम असतं, क्लिपा वाकतात पण तुटत नाहीत. थंडीत हेच काम करून बघा, टकाटक तुटतील.

मागे वायरींचं जंगल. कंपनीच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, कापून कोणीतरी रिव्हर्स कॅमेरा आणि सीटखाली अँप्लिफायर जोडलेला, चिकटपट्टी उन्हाने वितळून गुळासारखी झालेली. पुढे जोडलेल्या वायरी नेहमीच्या रंगाच्या आहेत, पिवळी म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे चावीवरचा, काळी अर्थ, नारिंगी लाइट लावल्यावर येणारी. पण रंगावर विश्वास ठेवायचा नाही, एकेक मीटरने तपासली. पिवळीवर १२.१ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ दाखवते, म्हणजे ही अर्ध्यावरच आहे. आज एवढंच, उन्हाने डोकं दुखायला लागलं.

१६ एप्रिल

संध्याकाळी दुकानातून आल्यावर स्टार्टिंगचं बघितलं. आधी एक समजून घेतलं पाहिजे होतं जे मला दोन दिवस कळलं नाही. चावी स्टार्टच्या पॉइंटला नेली की लाल वायरीचा करंट तेवढ्यापुरता तुटतो, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून, त्यामुळे स्क्रीन क्षणभर काळी होणं हा आजारच नाही. पण परत येताना ती जिथे होती तिथून चालू व्हायला हवी, लोगोपासून नाही. लोगो येतो म्हणजे पिवळीचा करंटसुद्धा इतका पडतोय की आतला प्रोसेसर मेला.

मीटरला मिनिमम पकडायची सोय आहे, पिवळीवर लावून स्टार्ट मारला. ७.९ व्होल्ट. माझं मीटर तसं मठ्ठ आहे, खरी बुडी याहून खोल असणार. इंजिन चालू झाल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटर ठीक. बॅटरी गेली आहे किंवा कोणीतरी तिला रात्री पितंय.

२० एप्रिल, रविवार

भुताचा हात पकडला. दुपारी दोनला गाडी मुद्दाम उन्हात लावली, अर्ध्या तासाने आत बसलो (बसलो कसला, सीटवर टॉवेल टाकून टेकलो) आणि स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कोणीतरी बोट दाबून धरल्यासारखं सारखं तेच बटन दाबलं जात होतं. ही जुनी टच आपल्या मोबाइलसारखी नाही. दोन पातळ पापुद्रे असतात, मध्ये हवा, दाबलं की एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते कळतं. त्यामुळे बोट असो, काडी असो नाहीतर फ्रेमची कड असो, तिला सगळं सारखंच.

फ्रेमच्या फटीत लग्नपत्रिकेचा कोपरा घालून फिरवला तर वर उजवीकडे अडकला. जुना स्क्रीन गार्ड! कोणीतरी मापापेक्षा मोठा लावून त्याची कड फ्रेमखाली कोंबली होती, उन्हाने प्लास्टिक फुगलं की ती कड पापुद्र्याला दाबते. गार्ड ओढून काढला, खाली धुळ्यापासूनची सगळी धूळ निघाली, ब्रशने साफ केली, सेटिंगमध्ये टच कॅलिब्रेशन केलं. परत अर्धा तास उन्हात. शांत. खर्च शून्य.

२३ एप्रिल

पेनड्राइव्ह. फार लिहिण्यासारखं नाही. ६४ जीबीचा होता, जुन्या युनिटला तो फॉरमॅट झेपत नाही, ३२ जीबीचा घेऊन फॅट३२ केला, गाणी आठ-दहा फोल्डरमध्ये टाकली. तरी एका ठरावीक गाण्याला अडकायचं, त्या फाइलला कोणीतरी भला मोठा फोटो चिकटवला होता. फोटो काढला, चाललं.

ब्लूटूथ जोडलं की गोठण्याचं कारण मी स्वतः. माझ्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे अडीच हजारांवर नंबर, 'पाटील ५ एचपी बोरवेल', 'पाटील ३ एचपी विहीर', असे पाटीलच दोनशे असतील, आणि ते बिचारं युनिट दर वेळी सगळे उतरवून घ्यायला बसतं. फोनमध्ये त्या गाडीपुरती कॉन्टॅक्टची परवानगी काढली. कॉल येतो, नंबर दिसतो, बास. तसंही मराठीत सेव्ह केलेल्या नावांचे त्याला नुसते चौकोन दिसायचे. जुने सहा फोन पेअर होते तेही उडवले.

१ मे, गुरुवार

काल आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. ताई आणि भाचे आलेत, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, दुकान बंद, गाडी रविवारपासून हलवलीच नाही. आज सकाळी सगळ्यांना घेऊन पद्मालयला जायचं ठरलं आणि चावी फिरवली तर टक् टक्. मेली. शेजारच्या पिकअपवरून केबल लावून चालू केली. चार दिवसांत इतकी उतरते म्हणजे रात्री पिणारा आहे हे नक्की, मावसभाऊ रोज चालवायचा म्हणून त्याला कळलं नाही.

येताना अजून एक नवीनच गंमत. एरंडोलच्या अलीकडे संध्याकाळी सूर्य समोर डोळ्यावर, आणि स्क्रीन एकदम काळी-निळी झाली, रात्रीचा मोड. वेळ ६:३३. काही दिसेना. सूर्य अजून चांगला वर होता. घरी येऊन वहीत वेळ लिहिली, वाइंडिंग करणाऱ्याची सवय, आकडा दिसला की लिहायचा.

नेव्हिगेशनचा नकाशाही जुनाच, हायवेला अजून एनएच ६ म्हणतो जो आता ५३ आहे, आणि चौपदरीचे नवे बायपास त्याला माहीतच नाहीत, त्यामुळे आमचा बाण बराच वेळ कपाशीच्या वावरातून ऐंशीने पळत होता. भाच्यांची करमणूक झाली.

४ मे, रविवार

करंट कोण पितंय ते शोधायचा दिवस. बॅटरीची निगेटिव्ह सोडली की युनिट चार आकडी कोड मागतं, तो कार्ड मावसभावाला सापडत नाही, चुकीचा टाकला तर लॉक होईल. म्हणून फवारणी पंपाची १२ व्होल्टची छोटी बॅटरी काढली, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज घालून प्लस प्लसला आणि मायनस सोडलेल्या केबलच्या टोकाला लावली आणि मगच मुख्य निगेटिव्ह खोलली. युनिटला कळलंच नाही. ज्यांच्याकडे कोड नाही त्यांनी हे जरूर करा, फक्त दार बंद ठेवा, आतला लाइट लागला की छोटी बॅटरी उगाच उतरते.

मग मीटर १० अँपिअरवर घालून निगेटिव्हच्या मध्ये जोडलं आणि पंपाची बॅटरी काढली. घरातला क्लॅम्प मीटर (वायरीला चिमटा लावून मोजणारा) आहे पण तो घरच्या लाइटच्या एसी करंटचा, बॅटरीचा डीसी करंट त्याला दिसत नाही, हे तीन जणांना समजावून झालं. सगळे कंट्रोलर झोपायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात धाकट्या भाच्याने "मामा मी चालू करतो" म्हणत चावी फिरवली. मीटरचा फ्यूज गेला. आणि फ्यूज गेला म्हणजे करंट तुटला म्हणजे युनिटने कोड मागितला. इतका जुगाड करून.

त्याला काय बोलणार, ताई समोर उभी.

५ मे

कोडचं कार्ड सापडलं. गाडीच्या पुस्तकात नाही, मावसभावाच्या आरसी बुकच्या प्लास्टिकमध्ये. मीटरचा फ्यूज अमळनेरात मिळाला नाही, जळगावहून मागवला.

८ मे

पुन्हा सगळं लावलं, या वेळी चावी खिशात. अर्ध्या तासाने ०.४२ अँपिअर. पन्नास मिलीअँपच्या आत असायला हवं. दिवसाचे दहा अँपिअर-आवर, चार दिवसांचे चाळीस, ६५ अँपिअर-आवरच्या दमलेल्या बॅटरीत मग काय उरणार.

फ्यूज एकेक काढत गेलो, स्क्रीनचा काढला, लाइटचा, सेंट्रल लॉकचा, सगळे काढले. तरी ०.३९. मी अर्धा तास फ्यूज बॉक्सकडे बघत बसलो. मोटारीचं एक असतं, तिन्ही फेज सोडल्या तरी करंट दाखवत असेल तर चौथी वायर कुठून आली ते बघायचं. बॅटरीच्या प्लसवर बघितलं तर कंपनीच्या जाड केबलखाली दाबलेली एक लाल वायर थेट आत जातेय, सीटखालच्या अँप्लिफायरला. ती गाडीच्या फ्यूज बॉक्समधून जातच नाही.

अँप्लिफायर चालू-बंद करायला स्क्रीनकडून एक निळी वायर येते. इथे ती स्क्रीनला जोडलेलीच नव्हती, ज्याने कोणी बसवलं त्याने सोपं म्हणून प्लसला मारून टाकली. म्हणजे तेरा वर्षांपैकी किती रात्री तो अँप गाणं नसतानाही जागा होता. हात लावला तर कोमट. निळी वायर जागेवर जोडली, आकडा ०.०३.

११ मे, रविवार

नवीन बॅटरी घातली. स्टार्ट मारताना आता १०.४ च्या खाली जात नाही, स्क्रीन क्षणभर जाते आणि जिथे होती तिथेच येते. पण गतिरोधकावरचा रिबूट तसाच, म्हणजे तो वेगळा आजार.

अर्थ बघितली. इंजिन चालू, लाइट, ब्लोअर आणि गाणं जोरात लावून युनिटची काळी वायर आणि बॅटरीची मायनस यांच्या मध्ये मीटर धरलं, ०.८५ व्होल्ट. ही दोन टोकं खरं तर एकच असली पाहिजेत, ०.१ च्या आत. वायरीमागे गेलो तर अर्थ डॅशच्या पट्टीवर रंगावरच स्क्रूने आवळलेली, तीही सैल. रंग घासून लोखंड चमकवलं, लग (वायरीच्या टोकाची कडी) बदलला, ग्रीस लावलं. ०.०४. चोपडा रोडला तापीच्या पुलापर्यंत जाऊन आलो, वाटेत गतिरोधक मोजून बारा, एकदाही लोगो नाही.

मी खुश, पण परत येताना ६:२४ ला स्क्रीन काळी. बाहेर लख्ख उजेड. १ तारखेला ६:३३, आज ६:२४. वाटलं नारिंगी वायर कुठेतरी टेकतेय, लाइट बंद ठेवून मोजली तर शून्य. म्हणजे लाइटच्या वायरीचा संबंध नाही. अर्थही चांगली, बॅटरीही नवी. आणि उन्हाळा पुढे जातोय, दिवस मोठा होतोय, तरी ही रोज थोडी थोडी आधी झोपतेय. उलटं चाललंय.

१८ मे, रविवार

सापडलं! आणि हे सापडायला स्क्रू ड्रायव्हर लागलाच नाही.

आज ६:१७ ला काळी झाली. वैतागून नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये खोल शिरलो, सॅटेलाइटचं पान असतं तिथे. सॅटेलाइट आठ, लोकेशन बरोबर, वेळ मिनिटाला बरोबर, वार रविवार. तारीख २ ऑक्टोबर २००५. गाडी म्हणे आज गांधी जयंती. गाडी तयार झाली तीच २०१२ला.

आधी वाटलं बॅटरी काढल्यामुळे तारीख उडाली असेल. पण तसं असतं तर १ जानेवारी वगैरे काहीतरी आलं असतं आणि वारही चुकला असता. वार बरोबर आणि वीस वर्षं चूक, हे खटकलं. म्हणून मोजलं, १८ मे २०२५ ते २ ऑक्टोबर २००५, एकूण ७१६८ दिवस. सातने भागलं तर १०२४. बरोबर १०२४ आठवडे. हा आकडा कॉम्प्युटरवाल्यांना ओळखीचा असतो, दहा बिटांत (० किंवा १ मावणाऱ्या दहा घरांत) शून्यापासून १०२३ पर्यंतच मावतं, मग परत शून्य.

प्रकार असा आहे की जुन्या जीपीएस सिग्नलमध्ये सॅटेलाइट तारीख पाठवतच नाही. ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा आणि त्या आठवड्यातला कितवा सेकंद, एवढंच सांगतं. आठवड्याला जागा दहा बिटांची, त्यामुळे साडेएकोणीस वर्षांच्या आसपास मोजणी परत शून्यावर येते, आपल्या मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर शून्य होतो तसंच. पहिल्यांदा २२ ऑगस्ट १९९९ ला झालं, दुसऱ्यांदा ७ एप्रिल २०१९ ला (आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला), पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. कोणत्या फेरीतला आठवडा हे रिसीव्हरने स्वतः ओळखायचं असतं, माझ्या युनिटमधल्या सॉफ्टवेअरला ते जमत नाही, त्याच्यासाठी अजून १९९९ वाली फेरीच चालू आहे. सेकंद वेगळे येतात म्हणून वेळ आणि वार बरोबर, आणि लोकेशनला यामुळे काही फरक पडलेला दिसत नाही.

आणि ऑटो मोडमध्ये स्क्रीन रात्रीची कधी करायची हे ते तारीख आणि ठिकाण बघून सूर्यास्त काढून ठरवतं! आज अमळनेरला सूर्य सात वाजता मावळतो. २ ऑक्टोबरला सव्वासहाला. ते बरोबरच काम करतंय, फक्त ऑक्टोबरमध्ये बसून. आपला सूर्य जूनकडे चाललाय आणि त्याचा नोव्हेंबरकडे, म्हणून रोज तफावत वाढते. एप्रिलमध्ये माझ्या लक्षात का आलं नाही तेही कळलं, तेव्हा त्याच्याकडे ऑगस्टचा शेवट-सप्टेंबरची सुरुवात चालू होती, सूर्यास्त जवळजवळ आपल्याइतकाच.

हे सगळं मी आप्पांना ओसरीवर बसून वही दाखवत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "मंग बरोबर कोन शे, तू का ती?"

१९ मे

मावसभावाला फोन केला. म्हणे हो रे, संध्याकाळी कधीकधी अंधारायची, पण हिवाळ्यात बरी व्हायची. त्याने कंटाळून नेव्हिगेशन कधी उघडलंच नाही.

सर्व्हिस सेंटरला विचारलं, या मॉडेलचं नवं सॉफ्टवेअर येत नाही, पूर्ण युनिट बदला म्हणे. तारीख हाताने बदलायची सोय सेटिंगमध्ये नाही, सॅटेलाइटवरून येते म्हणून ते बटनच करडं आहे. म्हणजे हे दुरुस्त होणार नाही. डिस्प्ले ऑटोवरून डे वर टाकला, रात्री चमक जास्त वाटली तर ब्राइटनेस हाताने कमी करायचा. काम संपलं. हिशोब: बॅटरी सोडून पेनड्राइव्ह, लग, मीटरचा फ्यूज, सगळं मिळून सहाशेच्या आत.

१७ जून, मंगळवार

वही बंदच केली होती, पण आज एक करून बघायचं डोक्यात होतं. ५:५४ चा अंदाज आधी लिहून ठेवला आणि पाच वाजता डिस्प्ले परत ऑटोवर टाकला. आईला सासूरवाडीच्या लग्नाला सोडायला निघालो होतो, धरणगावच्या रस्त्याला. आभाळ भरून आलेलं, पण उजेड भरपूर, लोक शेतात कपाशी टोबत होते. ५:५५ ला स्क्रीन काळी. एका मिनिटाने चुकलो.

आईने विचारलं काय झालं, तर सॅटेलाइटचं पान उघडून तारीख दाखवली, १ नोव्हेंबर २००५, मंगळवार. ती बोटावर काहीतरी मोजत राहिली, मग म्हणे त्या वर्षी लक्ष्मीपूजन मंगळवारीच होतं, तू दुकानासाठी पहिला मीटर त्याच दिवशी आणला होता आणि पूजेत ठेवला होता, एक तारीख होती.

तो मीटर अजून आहे. मठ्ठ म्हणतो तो तोच. डिस्प्ले डे वर टाकला आणि निघालो.